कूलरमध्ये पाणी कोण भरतं?

"ताई, नमस्कार. मी 38 वर्षांचा, नागपूरला मिहानमध्ये नोकरीला आहे. घरात बायको, शाळकरी मुलगा आणि 72 वर्षांचे बाबा. यंदाचा उन्हाळा नुसता अबोल्यात चाललाय. 1 मेला बाबांनी फॅमिली ग्रुपवर 'काळा दिवस' असं टाकलं, सोबत वेगळ्या विदर्भाबद्दल लांबलचक मजकूर. मी खाली लिहिलं, 'हा रिकाम्या म्हाताऱ्यांचा छंद आहे.' काका, आत्या, भाचे, सगळ्यांनी वाचलं. तेव्हापासून बाबा माझ्याशी कामापुरतंही बोलत नाहीत. रविवारी सिनेमाला चला म्हटलं, तर 'तुम्ही जा.' मेअखेर चार दिवस पचमढीचं ठरवलंय, तिथेही यायचं नाही म्हणतात. हट्ट तर इतका की यंदा स्वतःच्या खोलीतला कूलरसुद्धा लावला नाही (आई होती तोवर तीच ते बघायची). म्हणतात, पंख्यावर भागतं. आमच्या खोलीत एसी आहे, दुपारी तिथे झोपा म्हटलं तर तेही नको. गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी मी सगळं केलं, त्याचीही आठवण नाही. बायको म्हणते, तुम्ही दोघंही सारखेच. एका राजकीय मतावरून बापाने मुलाशी असं वागावं का? माफी मागू का? आणि पचमढीला जाऊ की नको? – त्रस्त मुलगा, नागपूर"

एवढ्या मोठ्या पत्रात तुम्ही आईला कंसात बसवलंय. भांडण, सिनेमा, पचमढी, ऑपरेशन, सगळ्यांना पूर्ण वाक्यं मिळाली आणि आईला मिळाला एक कंस. माझ्या दृष्टीने तुमचं सगळं पत्र त्या कंसातच आहे.

कूलर आई बघायची, यंदा तो लागला नाही, म्हणजे तिच्याविना हा घरातला पहिलाच उन्हाळा असावा. आता मला सांगा, 'बघायची' म्हणजे नेमकं काय करायची? मार्च संपता संपता माळ्यावरच्या कूलरच्या ताट्या काढून घ्यायची, जुनं वुडवूल (ताट्यांत भरायचा लाकडाचा कीस) फेकून नवं भरून आणायची, टाकी घासायची, मोटर चालते का ते पाहायची. आणि मग पाऊस येईपर्यंत रोज पाणी भरायची. खिडकीतल्या मोठ्या लोखंडी कूलरची टाकी साठ-सत्तर लिटरची असते. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी असा कूलर तासाला आठ-दहा लिटर पाणी सहज ओढतो. सत्तर लिटर म्हणजे पंधरा लिटरच्या जवळजवळ पाच बादल्या. न्हाणीघरातून खोलीत, खोलीतून खिडकीपाशी. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बहात्तर वर्षांच्या माणसाने त्या कशा उचलायच्या? उचलता येत नाहीत, तर तुम्हाला सांगायला हवं. तेही एकदा सांगून भागत नाही, रोज सांगावं लागतं. आणि तुम्ही तर त्यांना साऱ्या नातेवाइकांसमोर रिकामा म्हातारा ठरवलंत. त्यानंतर ते तुम्हाला 'बाळा, दोन बादल्या ओत' म्हणतील असं वाटतं तुम्हाला?

कूलर मार्चअखेर लागतो, तुमचं भांडण मेमधलं. म्हणजे अबोला सुरू होण्याआधीचा सबंध एप्रिल ते पंख्याखालीच होते. हा हट्ट नाही. हात पसरावा लागू नये म्हणून माणूस 'मला नकोच' म्हणतो, ते हे आहे. 'पंख्यावर भागतं' हे वाक्य तुम्ही जसंच्या तसं खरं मानलंत, कारण ते खरं मानणं सोयीचं होतं.

एसीचंही बोलते. तुमच्या खोलीत म्हणजे सुनेच्या खोलीत. तिचे कपडे, तिचा पलंग, तिची दुपारची विश्रांती. बाबांच्या पिढीतला सासरा तिथे जाऊन आडवा होईल, ही अपेक्षाच चुकीची. तुम्ही देऊ केलंत ते त्यांना घेता येण्यासारखंच नव्हतं, आणि वर त्याची नोंद 'नाही म्हणाले' अशी ठेवलीत.

पंख्याचं शास्त्र नीट समजून घ्या. खोलीतली हवा अंगापेक्षा गरम असली की पंखा गारवा देत नाही, गरम हवाच अंगावर ढकलतो. पारा चाळिशीच्या वर गेला की नुसत्या पंख्यावर राहू नये, हे आरोग्य खात्याची माणसं उगाच सांगत नाहीत. 23 मे 2013 ला नागपुरात पारा 47.9 अंशांवर गेला होता. 44-45 तर आपल्याकडे दरवर्षीचंच. स्लॅबखालची खोली रात्रीही निवत नाही. त्यात वय वाढलं की तहान कमी लागते, घाम कमी येतो. रक्तदाबाची गोळी चालू असेल आणि ती लघवी वाढवणारी असेल, तर अंगातलं पाणी आणखी जातं. कोणती गोळी आहे ते माहीत आहे तुम्हाला? नसेल तर आज पाकीट बघा आणि उन्हाळ्यात मात्रा तीच ठेवायची का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने बंद करू नका. चक्कर, पायात गोळे, मळमळ, डोकं दुखणं इथपर्यंत आलं तर गार जागी आडवं करून मीठ-साखरेचं पाणी घोट घोट द्यायचं: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पण बोलणं असंबद्ध झालं, अंग भट्टीसारखं तापलं, माणूस ओळखेनासा झाला, तर पाणी पाजत बसू नका. 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत ओल्या कापडाने अंग पुसत वारा घाला. असा माणूस तुमच्या घरात दुपारी दार लोटून एकटा पडलेला असतो, आणि तुम्ही मला विचारता की राजकीय मतावरून बापाने असं वागावं का.

तेव्हा एकच काम सांगते. येत्या रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, बाबांच्या खोलीतला कूलर लावा. स्वतःच्या हाताने.

आधी प्लग काढा, मगच हात घाला. तिन्ही ताट्या बाहेर काढा. गेल्या वर्षीचं वुडवूल क्षाराने कडक झालेलं असणार, ते झटकून परत वापरू नका. त्यातून ना हवा येते ना पाणी पसरतं. नवं भरताना एकसारखं भरा. एका जागी विरळ राहिलं की सगळी हवा तिथूनच घुसते आणि कोरडी, गरमच येते. वाळ्याची ताटी घेतलीत तर बाबांना वास आवडेल, पण ती महाग पडते. निदान मागची एक वाळ्याची घ्या. वरच्या पन्हाळीची भोकं क्षाराने बुजतात, ती दाभणाने एकेक मोकळी करा. बहुतेक कूलर गार हवा देत नाहीत ते इथेच: पंखा जोरात फिरतो, मोटरही चालते, पण ताटीची एक बाजू कोरडीच. मोटरची जाळी उघडून गाळ काढा. वर्षभर पडून राहिलेली मोटर गुरगुरते पण पाणी फेकत नाही, तेव्हा आतली चक्री अडकलेली असते. हाताने फिरवून पाहा, नाही सुटली तर नवी आणा, किंमत फार नसते. पंखा हाताने ढकलल्यावरच सुरू होत असेल तर कॅपॅसिटर गेलाय. पहिला एक तास पंखा बंद ठेवून नुसतं पाणी फिरू द्या, पिवळं पाणी सोडून द्या, मग ताजं भरा.

इथे जरा थांबते, कारण कूलरचा शॉक लागून माणसं जातात आणि विदर्भात ही बातमी दर उन्हाळ्यात येते. कारण ठरलेलं: लोखंडी बॉडी, खाली ओल, मोटरच्या वायरचं साल निघालेलं आणि अर्थिंग नाही. वायरला जोड असेल तर ती वायरच बदला, चिकटपट्टीवर भागवू नका. प्लग तीन पिनांचाच हवा आणि त्या तिसऱ्या पिनेला घरात खरोखर अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. मीटरपाशी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या. पाणी भरताना दर वेळी बटण बंद आणि प्लग बाहेर. मुलाला सांगून ठेवा, कूलरच्या बॉडीला हात लावायचा नाही.

लावून झाला की समोरची खिडकी किंवा दार चार बोटं उघडं ठेवा. दारं लावून कूलर चालवला की ओल खोलीतच साठते, तासाभरात अंग चिकट होतं आणि मग माणूस म्हणतो, कूलरने होत नाही. हवेला बाहेर जायला वाट असेल, तर आपल्या कोरड्या मेमध्ये बाहेरच्या 45 अंशांपेक्षा बारा-पंधरा अंशांनी गार झोत मिळतो. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच आठ-दहा दिवसांत तयार होतो.

आता पाणी. वरच्या टाकीवरून अर्धा इंची नळी आणून फ्लोट बसवला की टाकी आपोआप भरत राहते, प्लंबर तासाभरात करून देतो. तो सध्या बसवू नका. सकाळी ऑफिसला जाण्याआधी आणि रात्री जेवण झाल्यावर, दोन्ही वेळा बादल्या तुम्ही भरा. बायकोवर टाकायचं नाही, मुलाला पाठवायचं नाही. दार वाजवून आत जायचं, प्लग काढायचा, पाणी ओतायचं, प्लग लावायचा, 'बाबा, भरलं' एवढं म्हणायचं आणि यायचं. पहिले चार दिवस ते काही बोलणार नाहीत. न बोलोत. आई हे कसं करायची ते तुम्हाला पाठ नाही, त्यांना आहे. कधीतरी ते म्हणतीलच की डाव्या बाजूची ताटी कोरडी राहतेय. तेव्हा 'हो, बघतो' म्हणा आणि खरंच बघा.

माफी मागायचीच आहे आणि ती ग्रुपवर, कारण अपमान ग्रुपवर केलात. एका ओळीत: 'बाबा, मी लिहिलं ते चुकलं.' पुढे 'पण' नको.

वेगळा विदर्भ तुम्हाला पटत नसेल तर नका पटवून घेऊ. पण छंद म्हणू नका. हे शहर 1956 पर्यंत एका राज्याची राजधानी होतं. राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने 1955 मध्ये विदर्भाचं वेगळं राज्य सुचवलं होतं. त्याआधी 28 सप्टेंबर 1953 ला नागपूर करार झाला, त्यात या भागाला शब्द दिले गेले, आणि ते किती पाळले गेले यावर आजही दर हिवाळी अधिवेशनात वाद होतो. वेगळ्या विदर्भाचे नेते जांबुवंतराव धोटे 1971 मध्ये नागपुरातून खासदार झाले तेव्हा तुमचे बाबा अठरा-एकोणीस वर्षांचे असतील. त्या वयात जे अंगात भिनतं त्याला चार शब्दांत निकालात काढायचा हक्क तुम्हाला नाही. विरुद्ध बाजू मांडायची असेल तर जरूर मांडा. वेगळ्या राज्याचा खर्च कसा भागेल हा प्रश्न चोख आहे, त्यांनाही तो आवडेल. तो खोलीत बसून विचारा.

सिनेमाला 'चला' म्हणणं पुरेसं नव्हतं. अंधारात मल्टिप्लेक्सच्या पायऱ्या चढणं त्या गुडघ्याला कठीण जातं. पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत अशा रांगेतली, वाटेलगतची खुर्ची घ्या, पाय लांब करता येतो. दुपारचा खेळ नको, जाता-येता ऊन लागतं. तिकीट आधी काढा आणि मग सांगा.

पचमढीला मेअखेर जायचं नाही. 25 मेला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागतो, आणि नेमके तेच दिवस तुम्ही म्हाताऱ्या माणसाला पंख्याखाली ठेवून थंड हवेला निघाला होता. बुकिंग रद्द होत असेल तर करा, पैसे बुडत असतील तर बुडू द्या. दिवाळीनंतर जा, बाबांना घेऊन. छिंदवाड्यावरून गाडीने गेलात तर मध्ये दोन ठिकाणी उतरून पाय मोकळे करायला लावा, एका बैठकीत नेऊ नका. चौरागढच्या पायऱ्या त्यांच्यासाठी नाहीत, धूपगढला जीप वरपर्यंत जाते. पचमढी ही जुन्या मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी. नागपूरचं सरकार उन्हाळ्यात तिथे मुक्कामाला जायचं. याबद्दल गाडीत त्यांना विचारा आणि मग छिंदवाडा येईपर्यंत मध्ये बोलू नका. ते निघायच्या आधी फ्लोट बसवायचीही गरज नाही, तोवर कूलर माळ्यावर गेलेला असेल.

मृगाचा पाऊस पडला आणि हवा दमट झाली की मोटर बंद करा, नुसता पंखा चालवा. तोवर रोज दोन वेळा बादल्या. वुडवूल शनिवारीच आणून ठेवा. रविवारी ताट्या भरून देणाऱ्यांकडे गर्दी असते.