विनाआधार वेगविक्रमात वाटेत भाकरी घेतली तर चालते का?

सातपुड्यातल्या लांब पायवाटेवर विनाआधार वेगविक्रम, म्हणजे ती वाट सगळ्यांत कमी वेळात पार करण्याचा विक्रम, करताना एखाद्या पाड्यावर जेवलं तर चालतं का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालत. विनाआधार म्हणजे सगळं अन्न पहिल्या पावलापासून पाठीवर. वाटेत फक्त नाल्या-झऱ्याचं किंवा सार्वजनिक नळाचं पाणी भरता येतं. दुकानातून काही घेतलंत की प्रकार बदलतो, तो स्वयंआधारित.

म्हणून आधी वजनाचा हिशेब. ग्रॅममागे चरबीत 9 कॅलरी, पिठा-साखरेत 4. शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं न्या. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी मलाही जिवापाड आवडते, पण तिच्यात पाण्याचं ओझं असतं.

उन्हाळ्यात खान्देशात पारा 45 च्या आसपास जातो, नाले आटतात, दिवाळीनंतर निघा. आणि लघवी गडद झाली, डोकं गरगरलं, तर विक्रम तिथेच सोडून पाड्यावर मदत मागा.