मोरीतून घाण पाणी उलटं येतंय, आधी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तळमजल्यावर राहता, संडासात पाणी टाकलं की ते मोरीच्या जाळीतून वर येतं, आणि दुकानदाराने ॲसिडची बाटली दिली आहे, ती ओतू का? नका ओतू. बाटली बाजूला ठेवा, घरातले नळ बंद करा आणि वरच्या मजल्यावर जाऊन त्यांना वॉशिंग मशीन थांबवायला सांगा. तुमची मोरी सगळ्यांत खाली आहे, म्हणून पुढे लाईन तुंबली की वरच्यांचंही पाणी तुमच्याच घरात येतं.

आत्ता त्या पाईपमध्ये बादल्याच्या बादल्या पाणी अडून राहिलंय. बाटलीभर ॲसिड त्यात पातळ होऊन जाईल, बोळ्याला काही होणार नाही. आधी कुणी ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर ॲसिडशी मिसळून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद संडासात तो जिवावर बेततो. शिवाय उद्या जो माणूस काठी घेऊन येईल त्याच्या अंगावर तेच पाणी उडणार. कॉस्टिक सोडाही नको, तोही असाच पातळ होतो आणि त्याच माणसाच्या अंगावर उडतो.

आता तुंबलंय नेमकं कुठे ते बघा. त्याला एक पहार पुरते. घराकडून रस्त्याकडे एकेका चेंबरचं (पाईपच्या वाटेवरच्या तपासणीच्या खड्ड्याचं) झाकण उचला. तोंड बाजूला ठेवा, जवळ विडीकाडी नको, मुलं लांब. एक चेंबर काठोकाठ भरलेलं आणि पुढचं कोरडं दिसलं की त्या दोघांच्या मधे बोळा आहे. पहिलंच कोरडं असेल तर घरातला पाईप नाहीतर संडासाच्या भांड्याचा ट्रॅप (पाणी धरून ठेवणारा वाकडा पाईप) तुंबलाय. आणि रस्त्यालगतचं शेवटचंही भरलेलं असेल तर बहुतेक पालिकेची लाईन तुंबली आहे. मग प्लंबरला पैसे देण्याआधी तक्रार नोंदवा आणि तिचा नंबर लिहून घ्या.

हे मी इतकं ठासून सांगतेय कारण आम्ही ते केलं नव्हतं. साताऱ्याचं आमचं घर सासऱ्यांनी बांधलेलं, खाली चिनी मातीचे जुने पाईप. एका पावसाळ्यात तीनदा तुंबलं. तिन्ही वेळा प्लंबरने भरलेल्या चेंबरमधून बांबूची कामटी ढोसली, पाणी भसकन गेलं, पैसे घेतले. वीस-बावीस दिवसांनी पुन्हा तेच. चौथ्या वेळी मी दोन्ही चेंबरं उघडली आणि शेजारच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. त्याने कोरड्या चेंबरकडून, म्हणजे उलट्या बाजूने, रॉड घातला. बाटलीचं झाकण आवळतो त्याच दिशेने तो फिरवत होता, कारण उलटा फिरवला तर रॉडचे जोड सुटून तुकडा आतच राहतो. पुढच्या पाईपच्या तोंडाशी त्याने आधीच तारेची जाळी लावली होती, म्हणजे सुटलेली घाण पुढे जाऊन परत अडकू नये. बऱ्याच वेळाने रॉडला गुंडाळून बाहेर आला तो मुळांचा झुबका, घोड्याच्या शेपटीएवढा. तांबूस, केसांसारखी बारीक मुळं, त्यांत गुंतलेले केस, फडक्याच्या चिंध्या आणि सॅनिटरी पॅड. कुंपणाच्या उंबराची मुळं पाईपच्या सिमेंटच्या सांध्यातून आत शिरली होती. कामटीने त्या झुबक्यात नुसतं भोक पडायचं, थोड्या दिवसांत ते बुजायचं.

मोकळं झाल्यावर खात्री करायची आमची पद्धत सांगते. बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवून संडासात ओता आणि चेंबरपाशी उभे राहा. निळं पाणी एकदम, धारेने आलं तर लाईन साफ. रेंगाळत आलं तर आत अजून काहीतरी आहे.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. कुणालाही चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवू नका. आमच्याकडे आलेल्या एकाने रस्त्यालगतच्या खोल चेंबरमध्ये सोबतच्या पोराला "उतर जरा" म्हणून सांगितलं. पोरगं सतरा-अठरा वर्षांचं, पायात स्लीपर. मी तिथेच काम थांबवलं. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असताना सडक्या अंड्याचा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. झाकण तासभर उघडं ठेवलं म्हणजे आत उतरायला हरकत नाही, असं होत नाही. हाताने मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गटारात जीव गेलेल्यांच्या कुटुंबाला तीस लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. पण तो पैसा त्या पोराच्या आईला काय उपयोगाचा? रॉड वरून मारता येतो. टँक भरली असेल तर उपसायची गाडी मागवा, बोळा दगडासारखा घट्ट असेल तर जेटिंग मशीन, म्हणजे जोराच्या दाबाने पाणी मारणारं यंत्र.

स्वयंपाकघराची लाईन वेगळी तुंबते, तिथे तूप-तेल थिजतं. कढईतलं तळणाचं तेल मोरीत ओतू नका, कागदाने पुसून कचऱ्यात टाका. गरम पाणी ओतायचं तर कढत चालेल, उकळतं नको, पीव्हीसीचा पाईप मऊ पडतो.

आम्ही शेवटी दोन चेंबरांमधला तेवढा तुकडा खणून सहा इंची पीव्हीसी टाकला, साठ फुटांना एक फूट उतार धरून (चार इंची असेल तर चाळीस फुटांना एक फूट धरा). उंबर तोडला नाही. तुमच्याकडे आधी चेंबरं बघा, कुठलं भरलंय ते कळवा, मग पुढचं सांगते.