वकिलीत विविधता आणणाऱ्यांना पुरस्कार देऊन काही साधतं का?

तुम्ही विचारलंय की वकिली व्यवसायात डावलल्या गेलेल्या समाजांना, स्त्रियांना आत आणणाऱ्यांचे सत्कार होतात, तो नुसता देखावा असतो का. मी वकिली करतो आणि बार असोसिएशनचे असे समारंभ बरेच पाहिलेत. बहुतेकदा देखावाच असतो. पण सगळी मेख निवडीत आहे.

आपण 'पहिला' किंवा 'पहिली' ठरलेल्या व्यक्तीला शाल घालतो. वाट मोकळी करणारा मागच्या रांगेत राहतो. थर्गुड मार्शल १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले, हे पुष्कळांना ठाऊक असतं. त्यांचे गुरू चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन मात्र वकिलांनाही माहीत नसतात. हॉवर्ड या प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाचं लॉ कॉलेज तेव्हा संध्याकाळी भरायचं. ह्यूस्टननी ते दिवसाचं, पूर्णवेळ केलं आणि १९३१ मध्ये त्याला मान्यता मिळवून दिली. शिस्त इतकी कडक की आजच्या विद्यार्थ्यांनी पहिल्याच आठवड्यात तक्रार केली असती! पुढे गुरुशिष्यांनी मिळून मेरीलँड विद्यापीठाच्या लॉ कॉलेजविरुद्धचा खटला लढवला. तिथे काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेशच नव्हता. डोनाल्ड मरे या तरुणाच्या बाजूने लागलेला निकाल १९३६ मध्ये अपिलातही टिकला. म्हणजे ह्यूस्टननी वकील घडवले, आणि वकील घडतात तिथला दरवाजाही कोर्टातून उघडून घेतला. १९५० मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी त्यांना कृष्णवर्णीयांच्या कर्तृत्वासाठी दिलं जाणारं स्पिंगार्न पदक मिळालं, मरणोत्तर. शाळांमधला वर्णभेद मोडणारा १९५४ चा ब्राउन निकाल त्यांना पाहायला मिळाला नाही.

संस्थांच्या हेतूवर तुमचा संशय आहे, तोही रास्तच. अमेरिकन बार असोसिएशनने कृष्णवर्णीय वकिलांना इतकं दूर ठेवलं की १९२५ मध्ये त्यांनी स्वतःची नॅशनल बार असोसिएशन काढली. ज्या संस्थेने दार लावलं, तीच आज मार्शल यांच्या नावाने पुरस्कार देते. मला यात ढोंगापेक्षा उशिरा दिलेली कबुली जास्त दिसते, पण कबुलीने कुणाला ब्रीफ, म्हणजे खटल्याचं काम, मिळत नाही. त्याच संस्थेचा १९९१ पासूनचा मार्गारेट ब्रेंट पुरस्कार मला त्यातल्या त्यात पटतो. स्त्री वकील स्वतः नामवंत असून भागत नाही, तिने इतर स्त्रियांसाठी वाट केलेली असावी लागते.

आपल्याकडे कायद्याचे प्राध्यापक शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये 'आयडिया' ही संस्था सुरू केली. गरीब, ग्रामीण, अपंग मुलांकडून क्लॅटची, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी करून घ्यायची आणि प्रवेश मिळाल्यावरही पाठीशी राहायचं, हे तिचं काम. २०१४ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला, तोही काम ऐन भरात असताना. २०१९ मध्ये ते गेले. संस्था चालू आहे.

तेव्हा पुरस्कार जाहीर झाला की मानपत्र बाजूला ठेवा आणि तो मिळालेल्या सीनिअर वकिलाच्या चेंबरची, म्हणजे ऑफिसची, चौकशी करा. तिथून बाहेर पडलेले ज्युनिअर आज स्वतःच्या वकीलपत्रावर उभे राहतात का? चेंबरमध्ये असताना त्यांना युक्तिवाद करू दिला होता, की फक्त तारखा घ्यायला पाठवलं होतं? दरमहा पैसे मिळत होते का? घरचा आधार नसलेला ज्युनिअर पहिली दोन-तीन वर्षं फुकट राबू शकत नाही, आणि बहुतेक गळती तिथेच होते.