वाचकांचे प्रश्न: खाली बसवलेली बीटल आणि पुढची रुंद चाकं

प्रश्न : माझी फोक्सवॅगन बीटल १९६९ची, चार बोल्टच्या चाकांची आहे. ड्रॉप स्पिंडल (चाकाचा अक्ष मूळ जागेपेक्षा वर बसवणारे स्पिंडल) घालून पुढून अडीच इंच खाली घेतली आहे. पुढे साडेचार इंची लोखंडी रिम (ऑफसेट ३४) आणि १५५/८० आर १५ टायर होते. आता मागच्यासारखेच साडेपाच इंची, ऑफसेट २०चे अलॉय पुढेही लावले आणि १८५/६५ टायर चढवले. गाडी उभी असताना काही लागत नाही, पण वळणावर खड्डा आला की टायर घासतो. मडगार्डची कड कापून घेऊ का?
– वाचक, पुणे

उत्तर : कड कापू नका. आत दुमडलेल्या त्या पट्टीवरच मडगार्डचा ताठपणा आहे. ती गेली की पत्रा थरथरतो आणि थोड्या दिवसांत बोल्टच्या भोकांपाशी चिरा पडायला लागतात.

रिम साडेपाच इंची आहे म्हणून टायर घासत नाही. फोक्सवॅगनने १९७३ साली पिवळी-काळी १३०३ एस काढली, तिला कारखान्यातूनच साडेपाच इंची रिम होते. तुमचं गणित बिघडलंय ते ऑफसेटमुळे, म्हणजे रिमची हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेर आहे त्या अंतरामुळे. रिम एक इंचाने रुंद झाला, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी वाढला. ऑफसेट ३४चा २० झाला, म्हणजे अख्खं चाक १४ मिमी बाहेर सरकलं. त्यामुळे रिमची बाहेरची कड २६.७ मिमी बाहेर आली, आणि आतली कड आत जायची सोडून १.३ मिमी बाहेरच आली. टायरचं पाहा : रुंदी १५५ मिमीची १८५ झाल्याने प्रत्येक बाजूला १५ मिमी वाढले, त्यात हे १४ धरले की टायरची बाहेरची बाजू २९ मिमी बाहेर आली. बहुतेक ड्रॉप स्पिंडल मुळातच चाक सेंटिमीटरभर बाहेर ढकलतात, ते वेगळंच.

आता खड्ड्यात काय होतं ते. ड्रॉप स्पिंडलमध्ये ट्रेलिंग आर्म (चाक धरणारे, वर-खाली हलणारे हात) मूळ जागीच राहतात, त्यामुळे चाकाची वर-खाली चाल पूर्ण शिल्लक असते. म्हणून गाडी मऊ चालते. पण बंप स्टॉपला (चाकाची वरची चाल अडवणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत टायर मडगार्डमध्ये पूर्वीपेक्षा अडीच इंच जास्त वर शिरतो. उभ्या गाडीत बोटं घालून जागा बघणं याच कारणाने फसवं ठरतं.

नेमकं कुठे लागतं ते आधी शोधा. घट्ट मळलेल्या कणकेचे लिंबाएवढे गोळे चार जागी चिकटवा : मडगार्डच्या कडेला आतून, हेडलाइटच्या वाटीच्या खाली, मडगार्डच्या आतल्या बोल्टच्या डोक्यांवर आणि मागे पायरीकडच्या टोकाशी. पुढच्या डिकीत ५० किलोच्या दोन गोण्या ठेवा, पुढे दोन माणसं बसवा. एक पुढचं चाक सहा इंची लाकडी ठोकळ्यावर चढवून मागची चाकं उटीने अडवा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा, मग दुसऱ्या चाकाला तसंच करा. शेवटी गोळ्याची उरलेली जाडी मोजा. जिथे ६ मिमीपेक्षा कमी उरली तिथे रस्त्यावर घासणार. हेडलाइटची वाटी लोक हमखास विसरतात, आणि खाली घेतलेल्या बीटलमध्ये टायर तिलाच आधी गाठतो.

उपाय म्हणून पुढे साडेपाच इंचीच रिम ठेवा, पण ऑफसेट ३०च्या आसपासचा शोधा आणि त्यावर १७५/६५ आर १५ टायर घाला. मग टायर बाहेरच्या बाजूला २९ऐवजी १४ मिमीच वाढतो आणि त्याचा व्यासही जुन्या १५५/८०पेक्षा साधारण २० मिमी कमी होतो. आतल्या बाजूला मात्र जुन्या चाकाच्या मानाने टायर ६ मिमी आणि रिमची कड जवळजवळ ९ मिमी आत जाईल. तेव्हा टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट (चाकामागचे स्टिअरिंग व सस्पेन्शनचे सांधे) आणि ब्रेकचा होज यांच्यापासून आज किमान १५ मिमी जागा आहे ना, हे पूर्ण लॉकवर (स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवून) मोजूनच पैसे द्या.

हेच अलॉय ठेवायचे असतील तर दोन इंच अरुंद केलेला बीम (पुढची चाकं धरणारा, वर-खाली दोन आडव्या नळ्यांचा सांगाडा) घाला. तो प्रत्येक चाक २५.४ मिमी आत घेतो, म्हणजे तुमचे २६.७ जवळपास फिटतात. पण मग टाय रॉड आखूड करावे लागतात आणि पूर्ण लॉकवर टायर आतल्या पत्र्याला लागणार नाही, अशा बेताने स्टिअरिंगचे स्टॉपही लावावे लागतात. गाडीला वळायला जागा जास्त लागेल. रबरी बंप स्टॉप काढून टाकणं हा उपाय मुळीच नाही. तो काढला की टायर आणखी वर जातो आणि धक्का थेट बॉल जॉइंटवर बसतो.

प्रश्न : अशाच बदलानंतर स्टिअरिंग जड झालं आणि ८०च्या पुढे गाडी भरकटते. अलाइनमेंटवाला टो बरोबर आहे म्हणतो.
– वाचक, कोल्हापूर

उत्तर : टो (पुढची चाकं वरून पाहता किती आत-बाहेर वळलीत ते) बरोबर असेलही. तुमचा कॅस्टर, म्हणजे बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे असलेला कल, गेलाय. बीटलचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४०० मिमी. फक्त पुढून ६५ मिमी खाली घेतली की अख्खी गाडी दीड अंशाने पुढे झुकते, आणि बीम तिच्याबरोबरच झुकतो. बॉल जॉइंटच्या गाडीचा मूळ कॅस्टर सुमारे ३ अंश २० मिनिटं असतो, त्यातला निम्मा असा जातो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही.

यावर कॅस्टर शिम (पातळ पट्ट्या) घालतात. गाडी स्टँडवर घ्या, बीमचे चारही बोल्ट सैल करा आणि खालची नळी व फ्रेमहेड (चासीचं पुढचं टोक) यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना सारख्याच जाडीच्या शिम सरकवा. खालची नळी पुढे सरकते आणि कॅस्टर परत मिळतो. खालचे दोन बोल्ट तेवढेच लांब घ्या, नाहीतर आटे पुरेसे धरत नाहीत. त्यानंतर स्टिअरिंग कपलिंग ताणलं नाही ना ते पाहा आणि टो पुन्हा लावा. शक्य असेल तर मागूनही थोडी खाली घ्या, झुकाव मुळातच कमी होईल.

जडपणाचं कारण वेगळं आहे. ऑफसेट जितका कमी केला, टायरचा जमिनीवरचा ठसा स्टिअरिंगच्या अक्षापासून तितकाच बाहेर गेला. त्यामुळे खड्ड्याचा हिसका हातात येतो, आणि ड्रम ब्रेक एका बाजूला जरा जास्त धरला तरी गाडी तिकडे ओढते. कॅस्टरने हे सुटत नाही. ऑफसेटच बदलावा लागतो.

प्रश्न : अलॉयला जुनेच बोल्ट चालतील का? पातळ स्पेसर (चाक आणि हब यांच्यामधली चकती) घातला तर?
– वाचक, मडगाव

उत्तर : मापाने चालतील, बैठकीने (बोल्टचा रिमला टेकणारा भाग) नाही. बोल्ट एम१४, आट्याचं अंतर १.५ मिमी. पण मूळ लोखंडी रिमच्या बोल्टची बैठक गोल असते आणि बाजारातल्या पुष्कळ अलॉयची ६० अंशांची शंकूची. गोल बोल्ट शंकूच्या भोकात फक्त एका रेघेवर टेकतो, तापला की सैल पडतो. स्पेसर जितका जाड, तितकाच बोल्ट लांब हवा. हाताने फिरवताना किमान नऊ फेरे बसले पाहिजेत. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क पाना लावा. स्पेसरही ऑफसेट तेवढाच कमी करतो, म्हणजे घासण्याचं गणित पुन्हा पहिल्यापासून.

डाव्या पुढच्या चाकाकडे मुद्दाम बघा. बीटलची स्पीडोमीटरची केबल त्याच हबमधून जाते आणि तिचं चौकोनी टोक ग्रीसच्या टोपीतून बाहेर येऊन छोट्या क्लिपने अडकतं. अलॉयची मधली टोपी त्यावर दाबली गेली तर काटा आधी थरथरतो, मग बंद पडतो. टोपी आणि टोकात ३-४ मिमी मोकळी जागा ठेवा. शिवाय १५५/८०च्या जागी १७५/६५ टायर घातले असतील, तर काटा सुमारे तीन टक्के जास्त दाखवेल : खरा वेग ८०, तर काट्यावर ८२-८३.