तीन आयव्हीएफ फसले, आता एनके सेलसाठी इंट्रालिपिड आणि नवऱ्याच्या पेशींची इंजेक्शनं घ्यावीत का?

वय ३४, चांगले ब्लास्टोसिस्ट (पाच-सहा दिवसांचे गर्भ) तीनदा गर्भाशयात सोडले, तिन्ही वेळा बीटा एचसीजी (गर्भधारणेची रक्ततपासणी) निगेटिव्ह, आणि आता रक्तात एनके सेल (‘नॅचरल किलर’, प्रतिकारशक्तीच्या पेशी) ‘जास्त’ निघाल्यात, असं तुम्ही लिहिलं आहे.

नवऱ्याच्या पांढऱ्या पेशींच्या इंजेक्शनांना, म्हणजे एलआयटीला, सरळ नाही म्हणा. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांवर झालेल्या १९९९ च्या चाचणीत त्यांचा फायदा दिसला नाही. उलट इंजेक्शन घेतलेल्यांत यश कमी होतं. २००२ पासून अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, संशोधनाबाहेर हा उपचार थांबवला. दुसऱ्याचं रक्त टोचण्याची जोखीम आहेच.

एनके सेलच्या रिपोर्टने घाबरू नका. ‘किलर’ हे नावच घात करतं. रक्तातल्या बहुतेक एनके सेल सीडी १६ (पेशीवरची एक खूण) असलेल्या, मारक जातीच्या. गर्भाशयाच्या अस्तरातल्या बहुतेक सेलवर सीडी १६ नसतं; त्या वारेसाठी रक्तवाहिन्या रुंद करायला मदत करतात, आणि मासिक चक्राच्या उत्तरार्धात त्यांची संख्या आपोआप वाढते. हातातून काढलेल्या रक्तावरून अस्तराचा अंदाज बांधता येत नाही. शिरेतून देतात त्या इंट्रालिपिडमध्ये सोयाबीनचं तेल आणि अंड्यातलं लेसिथिन असतं, म्हणून ॲलर्जी असेल तर ते धोक्याचं. त्याने बाळ होण्याची शक्यता वाढते याचा भक्कम पुरावा नाही.

सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लिहून दिलं असेल तर आधी थांबा. याच गटातल्या प्रेडनिसोनची रोज १० मिलिग्रॅम मात्रा चीनमध्ये ७१५ स्त्रियांवर तपासली गेली (निकाल २०२२). बाळं जास्त जन्मली नाहीत, अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती मात्र वाढल्या. आणि आपल्याकडे गर्भाशयाचा टीबी लपून बसलेला असू शकतो, स्टेरॉइडने तो उफाळतो. छातीचा एक्स-रे आणि अस्तराच्या तुकड्याचं कल्चर आधी करून घ्या. मात्र नुसत्या पीसीआर (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) पॉझिटिव्हवर एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करू नका.

प्रतिकारशक्तीची एक तपासणी मला खरोखर अर्थाची वाटते: अँटिफॉस्फोलिपिड, म्हणजे रक्तात गुठळ्या करू शकणाऱ्या अँटिबॉडींची. तीन चाचण्या असतात: ल्युपस अँटिकोअग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ (शेवटच्या दोन्हींत आयजीजी व आयजीएम हे अँटिबॉडीचे दोन प्रकार). पॉझिटिव्ह आली तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करायची. ताप-संसर्गानंतर ती तात्पुरती पॉझिटिव्ह येते. कार्डिओलिपिन ४० युनिटच्या वर असेल तरच वजन द्यायचं. हेपरिन (रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन) चालू असताना ल्युपसची चाचणी फसवी निघू शकते. तिची निळ्या टोपीची ट्यूब खुणेपर्यंत भरायला हवी आणि प्लाझ्मा दोनदा फिरवून प्लेटलेट काढायला हव्यात, म्हणून घरी रक्त देण्यापेक्षा मोठ्या लॅबमध्ये जा. निदान पक्कं झालं तर गरोदरपणात ॲस्पिरिन आणि हेपरिन देतात. पण या आजाराचा, अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमचा, पक्का संबंध गर्भपाताशी आहे, गर्भ न रुजण्याशी तितका नाही. म्हणून तुमच्यात तो निघण्याची शक्यता मला कमी वाटते.

थायरॉइडची टीएसएच तपासणी नॉर्मल आणि फक्त अँटी-टीपीओ (थायरॉइडविरोधी अँटिबॉडी) पॉझिटिव्ह असेल तर थायरॉक्सिनने बाळाची शक्यता वाढत नाही.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा: तिन्ही ब्लास्टोसिस्टचे ग्रेड काय होते, दोघांचं कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) झालंय का, हिस्टेरोस्कोपीत (दुर्बिणीने गर्भाशय आतून पाहताना) अस्तराचा तुकडा सीडी १३८ (जुनाट सूज दाखवणाऱ्या पेशींची खूण) साठी तपासला का? तिथे जुनाट सूज निघाली तर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १४ दिवस देतात आणि नंतर तुकडा पुन्हा तपासतात.