आजीनं पुराची ओटी का भरली

एडिसन, न्यू जर्सी
3 सप्टेंबर 2024

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

गेल्या मंगळवारी सकाळी आजीचा व्हिडिओ कॉल चालू असताना तू विचारलंस, "पाण्यानं आजीचं घर बुडवलं, मग आजी त्या पाण्यालाच नारळ का देतेय? त्याला थँक्यू का म्हणतेय?" मी तुझ्यावर खेकसले आणि तुला आत पाठवलं. माझं चुकलं. तेव्हा चित्त थाऱ्यावर नव्हतं. आता आजीच्या घरातला गाळ उपसून झालाय, लाइट आलेत, म्हणून नीट सांगते.

आधी नदीचं ऐक. विश्वामित्री पावागढला उगम पावते आणि बडोद्याच्या मधून वळणं घेत जाते. कामाटीबागेतल्या पुलावर उभा राहून तू जिच्यात मगर शोधत होतास, तीच ही. उन्हाळ्यात बारीकशी, काळपट. शहराच्या वरच्या अंगाला आजव्याचं तळं आहे. बडोद्याला प्यायला पाणी मिळावं म्हणून सयाजीराव महाराजांनी ते बांधून घेतलं. पावागढच्या बाजूला जोराचा पाऊस झाला आणि आजवा भरून वाहायला लागला, की ते सगळं पाणी या नदीत येतं. पूर्वी तिच्या दोन्ही काठांना खोल कोतरं, म्हणजे घळी होत्या, शहरभर पावसाळी नाले होते. बडोद्यात त्यांना कांस म्हणतात. जास्तीचं पाणी तिथं पसरायचं. आजीच्या कारेलीबागेतल्या सोसायटीमागेही एक नाला होता. तुझ्याएवढी असताना मी त्यात बेडूक पकडलेत. आज त्यावर स्लॅब आहे आणि स्लॅबवर गाड्या उभ्या असतात. आमच्याच लोकांनी ते केलं आणि कुणी काही बोललं नाही, मीसुद्धा नाही.

यंदा जन्माष्टमीला, 26 ऑगस्टला, पाऊस जो लागला तो थांबेचना. धोक्याची खूण 25 फुटांच्या आसपास आहे. पाणी 35 फुटांच्याही वर गेलं. लष्कर आलं, एनडीआरएफच्या बोटी रस्त्यांवरून फिरल्या, वनखात्याची माणसं वस्त्यांमधून मगरी पकडून नेत होती. मी इथे बसून फोनवर आकडा बघत होते. 28 फूट, 31 फूट. आजीचा फोन बंद. शेजारच्यांचा बंद. बडोद्यातच अकोट्याला राहणाऱ्या माझ्या मावशीला लावला, तिच्याकडेही पाणी. साडेनऊ तासांचं अंतर आहे. इथे दिवस असला की तिथे रात्र. रात्री पाणी चढतं तेव्हा काय होतं हे मला ठाऊक आहे, म्हणून झोप नव्हती. आपल्या आईबापांच्या पायाखालून पाणी वर चढतंय आणि आपण एक बादलीसुद्धा उचलू शकत नाही, हे काय असतं ते तुला आत्ता कळणार नाही. कळू नये.

मग मंगळवारी तो कॉल आला. आपण नाश्त्याला बसलो होतो, तिकडे दिवेलागणीची वेळ. फोन वरच्या मजल्यावरच्या बेननी धरला होता, आजोबांच्या हातात टॉर्च. आजी जिन्याच्या पाचव्या पायरीवर उभी. खालच्या चार पायऱ्या पाण्यात गेलेल्या. तिनं ताम्हनातलं हळदकुंकू पाण्यावर वाहिलं, तांदूळ सोडले, हिरवा खण सोडला. तो खण गौरींसाठी आणलेला होता. मग नारळ सोडला. तो पुढे जाईना, कठड्याला अडकून जागच्या जागी गोल फिरत राहिला. आजीनं काठीनं त्याला ढकललं आणि म्हणाली, "आलीस, भरून पावलो. आता जा बाई सासरी."

सोनू, ते थँक्यू नव्हतं. आपल्याकडे लेक माहेरी आली की परत जाताना तिची ओटी भरतात. नदीला आपण बाई मानतो, तिचं सासर समुद्र. विश्वामित्री पुढे ढाढर नदीला मिळते आणि खंभातच्या आखातात जाते. म्हणजे आजी तिला निरोप देत होती. तुझा मान ठेवला, आता घरी जा. जिला हाकलता येत नाही, तिला माणूस रिकाम्या हातानं कसं पाठवणार?

ओटी भरली म्हणून पाणी उतरलं नाही, हे आजीलाही ठाऊक आहे. पाऊस ओसरला, वरून येणारं पाणी कमी झालं, तेव्हा ते उतरलं. तोवर ती वरच्या बेनच्या घरी खिचडी-कढी खात बसली होती आणि खाली फ्रीज तरंगत होता.

पण त्या काठीनं ढकललेल्या नारळाकडे बघताना मला 2011 चा जून आठवला. आम्ही इकडे यायला निघालो त्या रात्री आजी माझ्याशी धड बोलत नव्हती. एकुलती लेक इतक्या लांब जाते म्हणून रागावली होती, घाबरलीही होती. टॅक्सी दारात आली आणि ती ताम्हन घेऊन बाहेर आली. पदरात तांदूळ, खण, नारळ. नारळ मी तुझ्या आत्याकडे ठेवला. तांदूळ पर्सच्या अस्तरात शिरले होते, इथे आल्यावर कितीतरी दिवस एकेक दाणा सापडायचा.

गौरींचे मुखवटे आजीनं सगळ्यात आधी वर नेले होते, म्हणून वाचले. ट्रंकेतल्या साड्या मात्र भिजल्या. आता गच्चीत वाळत घातल्यात. 10 तारखेला गौरी बसणार, असं ती म्हणते. खण नवा आणायचाय. कुठल्या रंगाचा आणू, हे तिनं तुला विचारलंय. आज रात्री फोन लावून सांग.

तुझी,
आई