हातोडी फिरवायला जागाच नसेल तर खिळा कसा ठोकायचा?

तुमचा प्रश्न वाचून आमच्याच घराचं वर्णन वाचतोय असं वाटलं. तुम्ही लिहिता, माटवी (गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं लटकवायची लाकडी चौकट) टांगायची पट्टी तुळईच्या कुशीला मारलेली, ती सैल झालीय. वर माळ्याच्या फळ्या, पट्टीसमोर जेमतेम पाच इंचांवर भिंत. ठोकाल तो खिळा वाकतोय आणि गणपती आठ दिवसांवर. मी सुतार नाही. मालवणच्या बाजूला आमचं जुनं कौलारू घर आहे, त्याची डागडुजी पंधराएक वर्षं स्वतः करतोय, तेवढ्याच जोरावर लिहितो.

आधी एक बघा, अडचण बाजूंनी आहे की समोरून? दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

बाजूंनी अडचण म्हणजे दोन वाशांमधली सांद, कपाटाचा आतला कोपरा, जिन्याखालची जागा. खिळ्याच्या रेषेत जागा असते, पण हात आणि हातोडी आत मावत नाही. मी पहिल्यांदा अशा सांदीत हातोडीच्या बाजूने ठोकत बसलो होतो. तीन खिळे वाकले, चौथ्याला अंगठा सापडला आणि वरचं एक कौल रिपेवरून उठून सरकलं. मंगलोरी कौल रिपेला खिळ्याने मारलेलं नसतं, मागच्या खुंटीवर नुसतं अडकलेलं असतं, त्यामुळे खालून दणके बसले की ते उड्या मारतं. तेव्हा वाडीतले एक म्हातारे सुतार खालून बघत होते. म्हणाले, "थंय हातोडी फिरणा नाय, मगे ती हयच ऱ्हवांदे. खिळोच लांब कर."

खिळा लांब करायचा म्हणजे मधे सळई घ्यायची. भंगारवाल्याकडे अर्धा इंच जाडीचा आठ-नऊ इंची बोल्ट मिळतो, तो उत्तम. त्याच्या टोकाला ड्रिलने किंचित खळगा करून घ्या, म्हणजे तो खिळ्याच्या डोक्यावरून घसरत नाही. दुसरं टोक बाहेर मोकळ्यावर येतं, तिथे आरामात ठोका. हातोडी मात्र थोडी जड घ्या, हलकी हातोडी सळईवर नुसती टणटण वाजते.

पण खिळा आत धरणार कोण? बांबूची कामटी घ्या, टोकाला दोनेक इंच चिरा आणि त्या चिरेत खिळा अडकवा. अर्धा आत गेला की कामटी ओढून घ्या. खिळा वरच्या दिशेने मारायचा असेल तर बिघडलेल्या स्पीकरचं लोहचुंबक सळईला चिकटवा, खिळा टोकाला धरून राहतो. मी पुढे जुन्या टीव्ही अँटेनाची नळी कापून ठेवली. नळीत खिळा सोडायचा, मागून सैलसर जाणारी सळई घालायची आणि ठोकायचं. खिळ्याला वाकायला जागाच उरत नाही.

आता तुमची अडचण. ती समोरून आहे. पाच इंचांत सळई घातलीत तर मागे भिंतच येणार, तेव्हा वरचं सगळं तिथे निरुपयोगी. तुळईची दुसरी बाजू मोकळी असेल तर सी-क्लॅम्प वापरा, म्हणजे इंग्रजी C च्या आकाराचा, एका टोकाला पिळायची फिरकी असलेला शिकंजा. बहुतेक लोक तो उलटा लावतात आणि मग फिरकी भिंतीला अडते. क्लॅम्पचं स्थिर तोंड भिंतीकडे, खिळ्याच्या डोक्यावर ठेवा आणि फिरकी मोकळ्या बाजूला येऊ द्या. तुळईवर वळ उठू नये म्हणून फिरकीखाली फळकूट घाला. पिळत गेलात की खिळा मुकाट्याने आत जातो, दणका नाही, कौलं हलत नाहीत. तुळईची जाडी, पट्टी आणि खिळा मिळून बसतील एवढ्या तोंडाचा क्लॅम्प मात्र हवा.

हे सगळं आधी भोक पाडलं असेल तरच चालतं. जुनं फणसाचं किंवा किंजळाचं लाकूड सरळ खिळा घेत नाही, एकतर खिळा वाकवतं नाहीतर स्वतः चिरतं. दुकानात खिळ्याचा नंबर जितका मोठा तितका खिळा बारीक. बारा नंबरचा खिळा साधारण २.६ मिलिमीटर जाड असतो, त्याला २ मिलिमीटरचं ड्रिल पुरे. मशीन आत जात नसेल तर हाताने फिरवायचं गिरमिट घ्या, वेळ लागतो पण काम होतं. खिळ्याचं टोक दगडावर ठेवून एक टोला मारून बोथट करा, मग ते लाकूड फाकवत नाही, चिरडत जातं. टोकाला मेण लावा. साबण नको, तो ओल धरतो आणि आपल्याकडे गंज चढायला तेवढं निमित्त पुरतं.

खरं विचाराल तर तिथे मी खिळा मारणारच नाही. माटवीला नारळ, शहाळी, सुपारीची शिपटं, कवंडळं, कांगलं असं बरंच काही लटकतं, आणि ते वजन बरोबर मूर्तीच्या डोक्यावर असतं. तुळईच्या कुशीला मारलेल्या खिळ्यावर वजन आडवं येतं ते ठीक, पण भाद्रपदात लाकूड ओलीने फुगलेलं असतं आणि मार्चपर्यंत सुकून आकसतं. दरवर्षीच्या या खेळात खिळा ढिला होतो, तुमचाही बहुधा तसाच झाला असणार. मोकळ्या बाजूने लांब ड्रिलने तुळई आणि पट्टीला दोन ठिकाणी आरपार भोकं पाडा आणि त्यांत ८ मिलिमीटरचे बोल्ट घाला. भिंतीकडच्या बाजूला नट धरायला पान्हा मावतो. दोन्हीकडे रुंद वायसर विसरू नका. बोल्ट स्टेनलेसचे घ्या. किनाऱ्यालगत ३१६ प्रतीचं स्टील खाऱ्या हवेत जास्त टिकतं, ३०४ मिळालं तरी घरात चालेल. साधं लोखंड तिथे नकोच. ऐनासारख्या लाकडात टॅनिन असतं, ओल आली की लोखंडाभोवती काळं वर्तुळ पडतं. हिरडा आणि हिराकस घालून पूर्वी शाई करत, तोच हा काळा रंग.

भोक पाडण्याआधी तुळई ठोकून आणि दाभण टोचून बघा. पोकळ आवाज आला किंवा दाभण सहज आत गेलं तर आत वाळवी लागलीय किंवा लाकूड कुजलंय. मग बोल्ट, खिळा काहीच नको, यंदा माटवी दोन वाशांना दोरीने बांधा आणि दिवाळीनंतर सुताराला बोलवा. आणि त्या सांदीत हात घालण्याआधी टॉर्च मारा. पावसाळ्यात तिथे विंचू असतो, आमच्याकडे दोनदा निघालाय.